एक पॉइंट सहा

जिंतूरला येलदरी रोडवर माझं रिवायंडिंगचं दुकान.
जळालेली मोटार उघडली की आधी वास येतो,
मग दिसतं कुठली कॉइल गेली.
संबोधीच्या अंगाला कसला वास नव्हता.
दप्तर अडकवून रोजच्यासारखी शाळेत निघालेली,
फक्त सॉक्सचं रबर पोटरीत रुतलं होतं,
आणि मला वाटलं, सॉक्स नवे आहेत.

क्रिएटिनिन शून्य पॉइंट नऊ असायचं.
तीन पॉइंट एक आलं.

औरंगाबादला (पाटीवर आता दुसरं नाव आहे,
एसटीचा कंडक्टर अजून हेच ओरडतो)
डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळ्या वेळेवर?
मी म्हणालो, सकाळी आठ, रात्री आठ,
मोबाइलला गजर लावलाय.
कांता बोलली नाही.
तिचा हात आपसूक डाव्या कुशीवर गेला,
जिथून चार वर्षांपूर्वी मूत्रपिंड काढून
लेकीच्या पोटात ठेवलं होतं.

बायोप्सीला पाठीवर झोपवून पुढूनच सुई घालतात.
स्टेपलरसारखा आवाज झाला, दोनदा.
रिजेक्शन, बाई म्हणाल्या.
नाकारलं.
पण आईचंच होतं ना ते, मी म्हणालो,
नऊ महिने ही तिच्या पोटात राहिली,
तेव्हा कोणी बाहेर काढलं नाही हिला.
बाई म्हणाल्या, अंग इमानी असतं हो,
त्याला नातं कळत नाही.

मोटारी पडून होत्या म्हणून एक दिवस गावाकडं आलो.
बावीस गेजचं रिकामं रीळ उचललं तर खुळखुळलं.
मधल्या भोकात वहीच्या कागदाचा बोळा,
आत कॅप्सूल, गोळ्या, काही चोखून थुंकलेल्या.
तारेचे वेढे मोजतो तशा मोजल्या.
सदतीस.
त्या रात्री गुंडाळलेली कॉइल सकाळी सोडवावी लागली,
वेढे चुकले होते.

वर्गातल्या पोरी तिला पुरी म्हणायच्या.
टम्म पुरी.
हे तिनं आईला सांगितलं, मला नाही,
आणि मी विचारलंही नाही
की रीळ तुला कसं सुचलं.

तीन दिवस स्टेरॉइडच्या तीन बाटल्या चढल्या.
दोन पॉइंट आठ.
पुरेसं नाही, म्हणाल्या.
मग सशापासून बनवलेलं औषध आणायला सांगितलं.
सशापासून?
हो. महाग आहे.
हुडहुडी भरली तिला, दात वाजायला लागले,
दोन ब्लँकेटांखालून म्हणाली,
पप्पा, सशाला दुखलं असंल का?

शेजारच्या खाटेवर वसमतचा अरहान, नऊ वर्षांचा.
त्यानं एकही गोळी चुकवली नव्हती.
त्याची अम्मी गोळ्यांचं रिकामं पाकीटसुद्धा
जपून ठेवायची, तारीख टाकून.
त्यालाही ससाच दिला.
सोमवारी त्याला परत डायलिसिसला नेलं,
चादर बदलली,
आणि त्याच्या अम्मीनं उरलेली सफरचंदं
आमच्या टेबलावर ठेवली.
घ्या म्हणाली. यात पोटॅशियम असतं का हो?
आम्हाला दोघींनाही नक्की माहीत नव्हतं,
असं कांता नंतर सांगत होती.

संबोधीचं एक पॉइंट सहावर थांबलं.
चार दिवस तपासलं, तिथंच.
बाई हसल्या. छान उत्तर दिलंय तिनं उपचाराला.
मी विचारलं, नऊवर कधी येईल?
त्यांनी पेन बंद केलं.
नाही येणार. पण यालाच आम्ही चांगलं म्हणतो.
किती वर्षं?
बघू.

मला हे कळायला हवं होतं.
लोक मोटार न्यायला येतात तेव्हा हेच विचारतात,
पहिल्यासारखी चालंल का?
मी म्हणतो, चालंल.
जरा गरम होईल. दोन फेजवर चालवू नका.
आणि पैसे मोजून घेतो.

आता आठ वाजता ती दुकानात येते.
मी हात पुसतो. ती गोळ्या तळहातावर ठेवते,
मला दाखवते, गिळते, आ करते.
आज म्हणाली, रोज काय बघता,
माझ्यावर इश्वास नाही का?

वार्निशचा डबा उघडाच होता.
मी झाकण शोधत राहिलो.